लाल सोफ्यावर बसलेल्या कंपन्या

आमच्या मुळशी तालुक्यात कुठलंही लग्न जुळलं की त्यात माझा हात असणारच, असं लोक म्हणतात आणि मी ते कधी खोडून काढत नाही. मी सगुणाबाई, राहणार नांदे. वधू-वर परिचय मेळाव्याचा माइक गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. माइकवर माझी भाषा शुद्ध, घरात मावळी, आणि राग दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे भूगावच्या मंगल कार्यालयात जे झालं त्याबद्दल मला हसणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की मला मेळावा भरवायला सांगितला होता आणि मी मेळावा भरवला. कसला ते नंतरचं.

सुरुवात दादासाहेबांनी केली. दादासाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. फेटा बांधायला आणि भाषण करायला कधीही तयार. एका सकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"सगुणाबाई, औंदा करिअर मेळावा घ्यायचाय. आयटीवाली पोरं हिंजवडीला लागली, पन ही बी.कॉम. झाल्याली पोरं चौकात हुबी हायेत. बँका, विमा, शेअर, फंड, ज्या ज्या कंपन्या पैशाचं काम करत्यात त्या समद्या मी बोलवतो. हॉल माजा, जेवान माजं. बाकी समदं तुमी बगा."

मी लगेच हो म्हटलं. त्यात माझा स्वार्थ होता आणि त्या स्वार्थाचं नाव जुईली.

जुईली माझी भाची, माझ्या धाकट्या भावाची, रामदासची मुलगी. बी.कॉम.ला पहिल्या वर्गात पास झाली. आकडे तर असे चटकन मांडते की समोरचा घाबरतो. पण मुलाखतीला बसली की सगळं मुसळ केरात. एका ठिकाणी विचारलं, तुमच्यात काय कमी आहे? ही सांगायला लागली ती थांबेचना, शेवटी त्यांनीच हात जोडले. दुसरीकडे विचारलं, आम्ही तुम्हालाच का घ्यावं? ही म्हणाली, "बाहेर पिवळ्या ड्रेसमध्ये एक मुलगी बसलीय ना, ती माझ्यापेक्षा हुशार वाटते." पिवळ्या ड्रेसवाली लागली. हिला सगळ्यांनी एकच सांगितलं, "आम्ही कळवतो." आता 'कळवतो'चा अर्थ माझ्याइतका कोणाला ठाऊक असणार? पोहे खाऊन, चहा पिऊन, हात पुसत माणसं 'कळवतो' म्हणतात आणि मग जन्मात कळवत नाहीत.

रामदासचं भूगावात हमरस्त्यावर प्लॉटिंगचं ऑफिस आहे. शेतजमिनीचे तुकडे, मागे डोंगराचा फोटो, पुढे 'निसर्गाच्या कुशीत' असा बोर्ड. त्याने पोरीला निर्वाणीचं सांगितलं होतं. "ह्यो मेळावा शेवटचा. हितं लागलीस तर लागलीस. न्हाई तर सोमवारपास्नं माज्या हापिसात बसायचं. घरचा धंदा टाकून दारोदार कशाला हिंडायचं?"

जुईली त्या रात्री माझ्या घरी येऊन रडली. "आत्या, मला प्लॉट विकायचे नाहीत गं. लोकांचे पैसे कुठं ठेवायचे, कुठं नाही, ते सांगायचं काम असतं, मला ते करायचंय. एकदा कोणीतरी घेऊन तर बघा मला." तिचे डोळे पुसता पुसता मी मनाशी ठरवलं, की मेळावा असा झोकात करायचा की पोरगी लागलीच पाहिजे.

मेळावा करायची पद्धत मला एकच येते. घराघरात छापील पत्रिका जाते. त्या दिवशी स्टेजवर स्थळं बसतात. आधी एक बाजू आपला परिचय आणि अपेक्षा सांगते, मग दुसरी. प्रश्न दोन्हीकडून विचारायचे, आणि तेही सगळ्यांसमोर, म्हणजे मागाहून कोणी फसवलं म्हणायला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचा माझा नियम असा, की मुलाने किंवा मुलीने स्वतःचा परिचय स्वतः द्यायचा नाही. घरच्या मोठ्याने द्यायचा, आणि खरा द्यायचा. स्वतःबद्दल बोलायला लागलं की माणूस एकतर फुगतो नाहीतर आकसतो. घरचा माणूस बरोबर सांगतो. या नियमावर माझी एवढी लग्नं टिकली आहेत. तेव्हा करिअरसाठी वेगळा नियम कशाला, असं मला वाटलं.

पत्रिका आमच्या नेहमीच्या छापखान्यात टाकल्या. त्याने सवयीने वर गणपती छापला आणि खाली 'आपली उपस्थिती हाच आहेर'. मीही सवयीने बघून ठीक आहे म्हटलं.

मग काय, अख्खा तालुका लोटला! माणसं पोराबाळांसकट आली. आज्या नऊवारीत, काके फेट्यात. काहींना उपस्थिती पुरेशी वाटली नाही म्हणून स्टीलचे डबे चमकीच्या कागदात गुंडाळून आणले होते. आचाऱ्याने मागे जिलेबीची कढई चढवली होती. साउंडवाला सुनील याच्याकडे गाणी होती ती फक्त लग्नाची, त्यामुळे जो कोणी दारातून आत येईल त्याच्यावर तो सनई सोडत होता.

अशा सनईत कंपन्यांची माणसं आली. हातात लॅपटॉप, काखेत गुंडाळलेले बोर्ड. हिंजवडीच्या एका कंपनीचा फराज नावाचा तरुण इकडेतिकडे बघत माझ्याकडे आला.

"मॅडम, आमचा स्टॉल कुठे आहे?"

"स्टॉल जत्रेत असतात," मी म्हटलं. "तुम्ही वर बसायचं. सोफ्यावर."

स्टेजवर नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा होता, सोनेरी हातांचा. त्यावर चौघं दाटीवाटीने बसले. एक फराज. दुसरे पौडचे सलीम सर, सहकारी बँकेचे शाखाधिकारी, पिकलेली दाढी, हसरा चेहरा. तिसरा अमोघ, विमा कंपनीचा, टाय लावलेला आणि बोलण्यात एकदम चटपटीत. चौथी मृण्मयी मॅडम. सूसला तिची छोटी फर्म होती, लोकांना गुंतवणुकीचा सल्ला देणारी. चौघांनाही फेटे बांधले, नारळ दिले. मृण्मयीचा फेटा जरा मोठा झाला आणि दर दोन मिनिटांनी तिच्या चष्म्यावर यायला लागला. फराज म्हणाला, "मॅडम, आम्हाला एकेका कँडिडेटशी वेगळं बोलायचं असतं."

"ते जेवणानंतर. आधी तुमचा परिचय द्या. अपेक्षा सांगा. काही लपवू नका."

बिचारा उठला. त्यांच्या कंपनीत परदेशातल्या बँकांचे हिशेब इथे बसून तपासतात, असं त्याने सांगितलं. पगार चांगला, पाळी रात्रीची. लगेच प्रेक्षकांतून एका आजीने हात वर केला.

"रातच्याला जेवायला काय देता?"

"कँटीन आहे आजी."

"आन् पोरगी घरला कशी यिनार?"

"गाडी सोडते, दारापर्यंत."

"औंदा तुमच्याकडनं किती पोरं सोडून गेली?"

फराजने घाम पुसला. हा प्रश्न त्याला कोणी कधी विचारला नसावा. पण माझ्या मेळाव्यात घटस्फोट लपवता येत नाही, मग हे कसं लपेल? त्याने खरा आकडा सांगितला. हॉलमध्ये 'अरेरे' झालं. मला त्याची दया आली, मी टाळ्या वाजवायला लावल्या.

सलीम सर उठले. बँकेत कारकुनापासून सुरुवात, कर्जाच्या फायली, वसुलीला उन्हातान्हात फिरणं, आणि दहा वर्षांनी माझ्यासारखं टक्कल, असं त्यांनी सांगितलं. सगळे हसले. अमोघने विमा विकण्याचं काम सांगितलं. टार्गेट, कमिशन, पुरं केलं तर परदेशवारी. "आणि नाही झालं तर?" मागून कोणीतरी ओरडलं. "तर मग पुढच्या महिन्यात पुन्हा टार्गेट," अमोघ प्रामाणिकपणे म्हणाला. मृण्मयी सगळ्यात कमी बोलली. "माझ्याकडे एकच जागा आहे," म्हणाली, "आणि सुरुवातीचा पगार फराजच्या कंपनीपेक्षा कमी आहे." एवढं बोलून तिने फेटा वर केला आणि बसली. माझं लक्ष जुईलीकडे गेलं. ती खुर्चीत पुढे सरकून, दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरून ऐकत होती. तिला हवं होतं ते हेच होतं.

मग मुलांचे परिचय सुरू झाले आणि त्यात तर बहारच आली. पहिली आली सोनी. मुळशी धरणाच्या वर, डोंगरातल्या वाडीवरची. तिच्या आईने माइक दोन्ही हातांनी धरला. "ही माजी सोनी. रातची जागती. मोबाइलमधी बगत बसती. मी वरडून थकली. रातची नोकरी हाय तर हिला घ्या, आसं बी जागीच आसती." फराज उडालाच. त्याने दोन प्रश्न विचारले, सोनीने दोन्हीची उत्तरं झटक्यात देऊन उलट विचारलं, "गाडी वाडीपर्यंत येत नाही, रस्ताच नाही. मला हिंजवडीत राहायला जागा कोण देणार?" कंपनीचं वसतिगृह आहे, फराजने सांगितलं. सोनी म्हणाली, "मग ठरलं." आणि 'ठरलं' हा शब्द कानावर पडताच पुढच्या रांगेतल्या बायकांनी पिशव्यांत हात घातला आणि अक्षता टाकल्या. सवय! सुनीलने वाजंत्री लावली. फराजच्या फेट्यात, लॅपटॉपमध्ये, सगळीकडे तांदूळ. तो आधी बावरला आणि मग इतका हसला की सोफ्यावरून घसरला.

त्यानंतर कोणाला आवरणं शक्य नव्हतं. एका काकाने पुतण्याचा परिचय देताना तो उधारी कशी वसूल करतो ते सांगितलं आणि सलीम सरांनी त्याला तिथेच बोलावून घेतलं. एका आईने सांगितलं की हिचं तोंड एकदा सुरू झालं की बंद होत नाही, तिला अमोघने उचललं. पुन्हा अक्षता, पुन्हा वाजंत्री. दादासाहेब भाषणाचा कागद घेऊन तीनदा स्टेजवर आले आणि तीनदा लोकांनी त्यांना प्रेमाने खाली बसवलं. मी माइकवर नुसती उधाणले होते.

तेवढ्यात कोणीतरी माझा पदर ओढला. जुईली होती.

"आत्या, आता माझा नंबर. माझा परिचय कोण देणार?"

"अगं, कोण म्हणजे? तुझा बा..."

तिचा बाप. ज्याला सोमवारी ती ऑफिसात हवी होती. मी माझ्याच नियमाने माझ्या पोरीचा गळा बापाच्या हातात दिला होता. मी घाईने माइकवर म्हटलं, "पुढचा परिचय वेळेअभावी मी स्वतःच देते."

"असं कसं?" दादासाहेब खालून गरजले. त्यांना तीनदा खाली बसवलेलं ते विसरले नव्हते. "समद्यांना एक न्याव! घरचा मानूस बोलंल!"

"घरचा मानूस!" हॉल ओरडला. आणि रामदास उठला. पांढरा शर्ट, गुलाबी फेटा, तोंड घट्ट मिटलेलं. सुनीलने सनई सोडली. त्या सनईत माझा भाऊ पायऱ्या चढला आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांना साकडं घातलं. जुईली पांढरीफटक पडली होती. बापाकडे न बघता ती स्टेजच्या कडेला उभी राहिली.

"नमस्कार," रामदास म्हणाला. "माजं भूगावला प्लॉटिंगचं हापिस हाय. ही माजी थोरली, जुईली. माज्या आक्कानी सांगितलंय, परिचय खरा द्यायचा. म्हून मी खरंच सांगतो. ही पोरगी धंद्याच्या कामाची न्हाई."

मागे कढईत जिलेबी तळल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"सुट्टीत हिला म्हनलं, हापिसात बस. मानूस आला की च्या पाज, नकाशा दाव, ग्वाड बोल. बास. तर एक नवरा-बायकू आली, नवीन लगीन झाल्याली. प्लॉट पसंत पडला. टोकन द्यायला त्यानं खिशात हात बी घातला. आन् ही इचारती, हप्ता किती बसंल ते काडलंय का? पगार किती, घरभाडं किती? तितंच मांडून दावलं त्यास्नी. म्हनली, आत्ता घेतला तर बुडाल, दोन वर्सं थांबा. गेली ना ती दोगं! माज्याच हापिसातनं, माज्याच खुर्चीवर बसून, माज्याच पोरीनं घालवली!"

पहिल्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"हसू नका! पुडं ऐका. एक मास्तर आलं, रिटायर झाल्यालं. समदी पुंजी घिऊन. ही इचारती, मास्तर, आजारपनाला काय ठिवलंय? मास्तर म्हनलं, कायबी न्हाई. ही म्हनती, मग समदी न्हाई घालायची, निम्मीच घाला. मास्तरानी निम्मीच घातली! आन् परवा तर हिनं कहर केला. मी सोता हप्त्यावर नवी मोठी गाडी घ्यायला निगालो. तर मलाच पुडं बसवलं आन् इचारती, पप्पा, गरज हाय का हौस? आता बापाला आसं इचारायचं आसतंय व्हय? आजून ती जुनीच गाडी रेटतोय मी!"

आता हॉल फुटला. बायका पदर तोंडावर धरून हसत होत्या. रामदासला चेव चढला. "समजावून बगितलं. वरडून बगितलं. खोटं बोलू नगं, पन जरा गप तर ऱ्हा! जमतच न्हाई हिला. समोरच्याचं नुसकान दिसलं की हिला ऱ्हावत न्हाई. हीच हिची खोड. हाय ही आशी हाय. बगा, कुनाला पायजेल आसंल तर."

आणि त्याने माइक माझ्या हातात आदळला.

मी सोफ्याकडे बघायला घाबरत होते. अमोघने घसा साफ केला. "सर, मुलगी छानच आहे. पण माझ्याकडचं काम विक्रीचं. त्याला वेगळा स्वभाव लागतो. इथे ती दुःखी होईल. तेव्हा... आम्ही कळवतो." खरं बोलला, मला त्याचा राग आला नाही. पण 'कळवतो' ऐकून जुईलीने डोळे मिटले.

"मला द्या!" सलीम सर उभेच राहिले होते. "कर्ज मंजूर करायच्या टेबलावर हीच बसायला पाहिजे. ज्याला झेपणार नाही त्याला आधीच सांगणारं माणूस मी कधीपासून शोधतोय!"

"सर, बसा," मृण्मयी म्हणाली. "मी केव्हाचा हात वर केलाय. फेट्यामुळे कोणाला दिसला नाही."

"मॅडम, तुमच्याकडे एकच जागा."

"म्हणूनच ती हिलाच द्यायचीय!"

दोघंही एकाच माइकला हात घालून उभे! हॉलमध्ये शिट्ट्या. सुनीलने न सांगता वाजंत्री लावली, त्याला मी ओरडून बंद करायला लावली, कारण माझा भाऊ पुन्हा पुढे आला होता. आता त्याचा आवाज मघासारखा नव्हता.

"म्याडम, येक इचारू का? उद्या हिनं तुमच्या गिऱ्हाइकाला नगं म्हनलं, तर तुमी हिच्यावर वरडनार का? मी लई वरडलोय. म्हून इचारतो."

मृण्मयीने फेटा काढून हातात घेतला. "काका, माझ्याकडे लोक सल्ल्याची फी देतात. नको म्हणणं हासुद्धा सल्लाच आहे. जिथे नको म्हणायला हवं तिथे ती गप्प बसली, तर मात्र ओरडेन. पहिली दोन वर्षं माझ्या शेजारी बसून शिकायचं, परीक्षा द्यायच्या, रुक्ष कामं करायची. मग तिला स्वतःची गिऱ्हाइकं मिळतील."

रामदासने मान डोलावली.

आता नियमाप्रमाणे मुलीच्या अपेक्षा. मी माइक जुईलीपुढे धरला. मनात म्हटलं, पोरी, आता पिवळ्या ड्रेसवाली आठवू नकोस. पण पोरीला आज स्वतःबद्दल काही सांगायचं उरलंच नव्हतं, ते बापाने सांगून टाकलं होतं. ती सरळ बोलली.

"मला शिकवा. चुकले तर माझ्या तोंडावर सांगा. आणि मी शिकले नाही तर काढून टाका, पण माझ्याकडून खोटं वदवून घेऊ नका. एवढीच अपेक्षा आहे."

"मान्य," मृण्मयी म्हणाली. "मग येतेस?"

बायकांच्या मुठी अक्षतांनी भरलेल्या. जुईलीने सलीम सरांकडे पाहिलं, मृण्मयीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात मला ते हसू दिसलं, लहानपणी माझ्या बरणीतले लाडू चोरताना दिसायचं तेच.

"आम्ही कळवतो," ती म्हणाली.

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. सलीम सर सोफ्यावर कोसळले. अमोघ टाय सोडून टाळ्या पिटायला लागला. आजवर 'कळवतो' ऐकून परत आलेल्या प्रत्येक पोराने आणि प्रत्येक पोरीच्या आईने त्या हॉलमध्ये जो जल्लोष केला तो मी सांगूच शकत नाही. मीसुद्धा माइक खाली ठेवून ओरडले, आणि मी अशी ओरडत नाही.

तिने कळवलं, फार वेळ लावला नाही. पंगत बसली तेव्हा जिलेबीचं ताट घेऊन ती मृण्मयीसमोर उभी राहिली. "मॅडम, कळवते. येतेय मी, सोमवारपासून." मृण्मयीने जिलेबी उचलली आणि चारी बाजूंनी अक्षतांचा मारा झाला. मठ्ठ्यातही तांदूळ पडले. सलीम सर म्हणाले, "चला, आमचं स्थळ हुकलं. तरी जेवण उत्तम." दादासाहेबांनी अखेर भाषण केलं, पण ते आचाऱ्यासमोर, कारण बाकी सगळे जेवत होते.

परतताना आम्ही रामदासच्या जुन्या गाडीत होतो. तो चालवत होता, मी शेजारी, जुईली मागे, मांडीवर आहेरातले तीन स्टीलचे डबे. चांदणी चौकात नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. रामदासने फेटा अजून काढला नव्हता. माझ्या पोटात एक प्रश्न मघापासून उड्या मारत होता.

"रामा, खरं सांग. तू पोरीला बुडवाया वर चडला हुतास का तारायला?"

त्याने गियर टाकून गाडी समोरच्या टेम्पोमागे सरकवली. "चडलो तवा बुडवायाच चडलो हुतो, आक्का. मनात म्हनलं, समदं खरं सांगतो, कोन घील आशीला? पन बोलाया लागलो आन् माजं मलाच ऐकू आलं. ऐकता ऐकता वाटलं, आरं, ही तर लई भारी पोरगी हाय."

मागे डबे खणखणले. मी बघितलं नाही, मला माझेच डोळे पुसायचे होते.

"ती नवरा-बायकू परत आली हुती," तो पुढे म्हणाला. "मास्तर बी येतंय मधी मधी. माज्याकडं न्हाई येत. दारातनंच इचारत्यात, ताई हायेत का? म्हून तर मला ती हापिसात पायजे हुती. ग्वाड बोलाया मी हाय की. पन आता सोमवारपास्नं हापिसात खरं कोन सांगनार?"

जुईलीने मागून पुढे वाकून दोन्ही हात बापाच्या खांद्यांवर ठेवले.

"तुम्हीच सांगा की पप्पा. आज सांगितलंत तसं."

रामदासने फेट्याचं सुटलेलं टोक ओढून डोळ्यांना लावलं. सिग्नल सुटला, मागची सगळी वाहनं हॉर्न वाजवायला लागली, आणि आम्ही तिघंही त्या जुन्या गाडीत वेड्यासारखे हसत तिथेच उभे राहिलो.